आजीचं रक्त आणि डेअरीची फॅट



आधी एक कबुली देते. माझं शिक्षण पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी घरी बोलायचं आणि शाळेत पेपरपुरतं लिहायचं, एवढाच माझा या भाषेशी संबंध. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका वाचकांनी पोटात घालाव्यात. तरीही इंग्रजी विभागात न लिहिता इथे लिहितेय, कारण ज्या बाईबद्दल हा लेख आहे तिला इंग्रजी येत नाही, आणि अंक निघाला की तिला वाचून दाखवायचं मी कबूल केलंय.

ती बाई म्हणजे माझी आजी. इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याला राहते. घरी थोडा ऊस आणि चार गाई. गेल्या वर्षी, म्हणजे २०२४ च्या ऑगस्टमध्ये, एका रविवारी सकाळी तिच्या हातातून चहाचा कप सुटला. काकूने विचारलं काय झालं, तर आजीच्या तोंडून शब्दच नीट फुटेना, तोंड एका बाजूला ओढल्यासारखं. दहा-पंधरा मिनिटांत सगळं आपोआप पूर्ववत झालं. आजी म्हणाली, "पित्त झालं असंल." काकांनी ऐकलं नाही, गाडीत घालून दवाखान्यात नेलं. तिथे कळलं की मेंदूकडे जाणारी रक्ताची वाट एका गुठळीने थोडा वेळ अडली होती, नशिबाने मोकळी झाली. रक्ताच्या रिपोर्टवर आकडा होता १.४. डॉक्टर म्हणाले, "हा दोन ते तीनमध्ये पाहिजे होता."

मी होस्टेलवरून घरी गेले तेव्हा आजीची फाइल पहिल्यांदा उघडून बघितली. फाइल म्हणजे साडीच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी. त्यात वर्षावर्षाचे रिपोर्ट, पावत्या आणि ई.सी.जी.च्या पुसट झालेल्या पट्ट्या होत्या. प्रत्येक डॉक्टरने त्या-त्या दिवशीचा आकडा बघून गोळी कमी-जास्त केलेली. पण सगळे आकडे एकाखाली एक मांडून, "या बाईची ट्रीटमेंट गेल्या वर्षभरात कशी चाललीय?" असं कुणीच विचारलेलं नव्हतं. यात मीही आलेच. ई अँड टी.सी.च्या तिसऱ्या वर्षाला असून, ग्राफ काढण्यात आयुष्य चाललेलं असून, घरचा ग्राफ काढायचं सुचलं नव्हतं.

हा लेख त्या ग्राफबद्दल आहे.

आधी बिघाड समजून घेऊ

निरोगी हृदयात वरच्या उजव्या कप्प्यात एक छोटासा पेशींचा पुंजका असतो. तो मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा विजेचा सिग्नल सोडतो. आपल्या भाषेत तो क्लॉक पल्स. हा सिग्नल वरच्या दोन कप्प्यांतून (मराठीत त्यांना कर्णिका म्हणतात, हे मला शब्दकोशात बघावं लागलं) पसरतो, मधल्या एका नोडपाशी क्षणभर थांबतो आणि मग खालच्या दोन कप्प्यांना, म्हणजे जवनिकांना, आकुंचनाचा हुकूम देतो.

एट्रियल फिब्रिलेशन नावाच्या आजारात, थोडक्यात ए.एफ., वरच्या कप्प्यात एक घड्याळ उरतच नाही. मिनिटाला ३५० ते ६०० असे वेडेवाकडे सिग्नल फिरत राहतात. आपण ज्याला नॉइज म्हणतो, तेच. मधला नोड बिचारा फिल्टरचं काम करतो, त्यातले काहीच सिग्नल खाली सोडतो, पण कोणते सोडेल त्याचा नेम नाही. म्हणून अशा माणसाची नाडी धरली तर तिला तालच सापडत नाही. माझ्या आजीची नाडी मी मोजली: दोन ठोके लगेच लगेच, मग एक गॅप, मग तीन. ई.सी.जी. न काढताही शंका यावी इतकं ते स्पष्ट असतं.

यात धोका कुठे आहे? वरचे कप्पे नीट आवळत नाहीत, नुसते थरथरतात. मग डाव्या कप्प्याला पिशवीसारखा जो एक कोपरा असतो, तिथे रक्त साचतं. साचलेलं रक्त गोठतं. गुठळी सुटली की बऱ्याचदा थेट मेंदूत. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावाच्या प्रसिद्ध अभ्यासात ए.एफ. असलेल्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट दिसला, आणि ज्यांची झडप संधिवाताच्या तापाने खराब झालेली होती त्यांना सुमारे सतरापट.

हा संधिवाताचा ताप आपल्याकडे नीट समजून घ्यायला हवा. लहानपणी घसा दुखतो, त्याकडे दुर्लक्ष होतं. काही मुलांत त्या जंतूशी लढताना शरीर स्वतःच्याच हृदयाच्या झडपांवर हल्ला करतं, आणि वीस-तीस वर्षांनी झडप अरुंद झालेली सापडते. माझ्या आजीचं असंच झालं. तिची झडप पूर्वी एकदा फुग्याने रुंद केलेली आहे. इंडियन हार्ट ऱ्हिदम सोसायटीने २०११-१२ मध्ये देशातल्या २४ केंद्रांवरच्या ए.एफ.च्या सुमारे दीड हजार पेशंटांची नोंद ठेवली. मुंबईचे डॉ. अमित व्होरा आणि सहकाऱ्यांनी ती २०१७ मध्ये प्रसिद्ध केली. त्यात जवळपास निम्म्या पेशंटांना हा झडपेचा आजार होता आणि सरासरी वय पंचावन्नच्या आसपास होतं. युरोप-अमेरिकेत ए.एफ. हा मुख्यतः सत्तरीतल्या लोकांचा आजार. आपल्याकडे तो कामाच्या वयातल्या, आणि झडपेचा असला तर बहुतेक वेळा बायकांच्या वाट्याला येतो.

गाय मेली म्हणून सापडलेलं औषध

गुठळी होऊ नये म्हणून आजी जी गोळी घेते तिचं नाव वॉर्फरिन. याची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, कारण ती ऐकल्यावर आजीला स्वतःच्या गोळीत पहिल्यांदा रस वाटला.

१९२० च्या दशकात अमेरिका आणि कॅनडात गाई अचानक रक्तस्राव होऊन मरू लागल्या. स्वीट क्लोव्हर नावाचा चारा ओला राहून बुरसला की असं होतं, हे तिथल्या पशुवैद्यांच्या लक्षात आलं. पण त्यात नक्की काय असतं हे कुणाला माहीत नव्हतं. फेब्रुवारी १९३३ मध्ये एड कार्लसन नावाचा एक शेतकरी बर्फाच्या वादळातून सुमारे ३०० किलोमीटर गाडी चालवत विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरी पोचला. बरोबर मेलेली कालवड, बुरसलेल्या चाऱ्याचा ढीग आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त. तो कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत शिरला. त्या कॅनवरून लिंक यांच्या लोकांनी सहा-सात वर्षं काम करून चाऱ्यातलं द्रव्य वेगळं केलं. त्याचंच सुधारलेलं रूप म्हणजे वॉर्फरिन. १९४८ मध्ये ते आधी उंदीर मारायला बाजारात आलं आणि १९५४ मध्ये माणसांसाठी औषध म्हणून मंजूर झालं. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हार्ट अ‍ॅटॅक आला तेव्हा त्यांनाही ते दिलं गेलं.

आजीची प्रतिक्रिया: "म्हंजी मी रोज उंदराचं औषीद खाती?" होय आजी. म्हणूनच तर ते मोजून खायचं.

वॉर्फरिन यकृतात के जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणतं. के जीवनसत्त्व नसेल तर रक्त गोठवणारे काही घटक तयार होत नाहीत. डोस कमी पडला तर गुठळी, जास्त झाला तर रक्तस्राव. झडप ठीक असलेल्या ए.एफ. पेशंटांवरच्या चाचण्यांत या औषधाने पक्षाघात सुमारे दोन-तृतीयांशाने कमी झाले. पण हा फायदा रक्ताचा आकडा ठरलेल्या पट्ट्यात राहिला तरच पदरात पडतो. तो आकडा म्हणजे आय.एन.आर.

मोजमाप

रक्त गोठायला किती सेकंद लागतात ते मोजतात. त्याला पी.टी. म्हणतात. समजा निरोगी माणसाला १२ सेकंद लागले आणि पेशंटला २४, तर गुणोत्तर २. इतकं सोपं असतं तर प्रश्नच नव्हता. पण गोठवण्यासाठी नळीत जे रसायन घालतात ते प्रत्येक कंपनीचं वेगळ्या ताकदीचं. तेच रक्त, वेगळी लॅब, वेगळं उत्तर. म्हणून १९८३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक पद्धत ठरवली. प्रत्येक रसायनाला आय.एस.आय. नावाचा अंक द्यायचा आणि गुणोत्तराचा तेवढा घात करायचा. वरच्या उदाहरणात आय.एस.आय. १ असेल तर आय.एन.आर. २.०. पण १.५ असेल तर २ चा दीड घात, म्हणजे २.८. आता कल्पना करा, लॅबने नवी बाटली उघडली आणि मशिनमध्ये जुनाच आय.एस.आय. राहिला. पेशंटच्या शरीरात काहीही बदललेलं नाही, तरी आकडा वर-खाली होणार आणि डॉक्टर गोळी बदलणार. निळ्या झाकणाची नळी खुणेपर्यंत भरली नाही तरी हेच होतं, कारण त्यातल्या द्रवाचं आणि रक्ताचं प्रमाण एकास नऊ असावं लागतं.

हे मी आजीला समजावताना घामाघूम झाले. घात म्हणजे काय हे तिला सांगायचं तरी कसं? शेवटी तीच म्हणाली, "आगं, डेअरीतल्या फॅटीच्या मशिनीगत हाय की."

मला जे दहा मिनिटांत सांगता आलं नाही ते तिने एका वाक्यात सांगितलं. आमच्या भागात ज्याच्या घरी गाय आहे त्याला मशिनचं कॅलिब्रेशन म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. सकाळ-संध्याकाळ डेअरीत दूध घातलं की फॅट आणि एस.एन.एफ. लागते, पावती निघते. साडेतीन फॅट आणि साडेआठ एस.एन.एफ.ला एक दर, खाली आलं की पैसे कापले. फॅट अचानक दोन पॉइंटांनी पडली तर माणूस आधी गाईकडे बघतो, मग चाऱ्याकडे, मग मशिनकडे. आणि एका दिवसाच्या पावतीवरून कुणी गाय विकत नाही, दहा दिवसांचं बिल आल्यावर बघतो.

थोडक्यात, आमच्या घरी दुधाची तपासणी दिवसातून दोनदा होत होती आणि आजीच्या रक्ताची चाळीस-पन्नास दिवसांतून एकदा.

सरासरीने केलेली फसवणूक

डिसेंबरच्या सुट्टीत मी ऑगस्टपासूनच्या पाच रिपोर्टांची यादी केली. हे ते आकडे:

४ ऑगस्ट : १.४
३ सप्टेंबर : २.६
१३ ऑक्टोबर : ४.६
६ नोव्हेंबर : २.२
२६ डिसेंबर : १.७

पहिल्यांदा मी काय केलं असेल? बरोबर, अ‍ॅव्हरेज काढलं. बेरीज १२.५, भागिले ५, उत्तर २.५. दोन ते तीनच्या पट्ट्याचा अगदी मध्यबिंदू! मी खूश. आजीला डिस्टिंक्शन.

पण याच पाच महिन्यांत तिचं तोंड एकदा वाकडं झालं होतं, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या नाकातून इतकं रक्त वाहिलं होतं की दोन टॉवेल भिजले आणि नाकात पॅक घालून रात्रभर दवाखान्यात ठेवावं लागलं. मेसमध्ये आज डाळीत मीठच नाही आणि उद्या दुप्पट, याची सरासरी काढली तर आपल्या मेसची डाळ उत्कृष्ट ठरेल. तसंच हे.

माझ्या रूममेटची बहीण एम.बी.बी.एस.ला आहे. तिने सांगितलं की यासाठी रोझेनडालची पद्धत वापरतात. फ्रिट्स रोझेनडाल हे नेदरलँड्समधल्या लायडनचे संशोधक. त्या देशात अशा पेशंटांसाठी वेगळी केंद्रं आहेत, रक्त घेणं आणि डोस ठरवणं तीच बघतात. रोझेनडाल आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये ही पद्धत मांडली, आणि ती म्हणजे आपलं लिनियर इंटरपोलेशन! मॅथ्स-थ्रीला मी ज्याला शिव्या घातल्या होत्या तेच. दोन रिपोर्टांच्या मध्ये सरळ रेषा काढायची आणि ती रेषा दोन ते तीनच्या पट्ट्यात किती दिवस होती ते मोजायचं. एकूण दिवसांपैकी पट्ट्यातले दिवस किती टक्के, याला टी.टी.आर. म्हणतात.

चला, करून बघू. पहिले ३० दिवस: १.४ वरून २.६, म्हणजे रोज ०.०४ ने चढ. २.० गाठायला १५ दिवस गेले, उरलेले १५ पट्ट्यात. पुढचे ४० दिवस: २.६ वरून ४.६, रोज ०.०५. आठ दिवसांत ३.० ओलांडलं, म्हणजे ८ दिवस आत आणि ३२ दिवस वर. पुढचे २४ दिवस: ४.६ वरून २.२, रोज ०.१ ने उतार. १६ दिवस वर, ८ आत. शेवटचे ५० दिवस: २.२ वरून १.७, रोज ०.०१. पहिले २० आत, ३० खाली.

एकूण १४४ दिवस. आत १५ + ८ + ८ + २० = ५१. म्हणजे ३५ टक्के. ४८ दिवस रक्तस्रावाच्या बाजूला आणि ४५ दिवस गुठळीच्या बाजूला. सरासरी फर्स्ट क्लास आणि माणूस दोन्हीकडून नापास.

पास किती टक्क्यांना? इंग्लंडच्या नाईस या संस्थेच्या नियमाप्रमाणे टी.टी.आर. ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर नियंत्रण ठीक नाही असं समजून कारण शोधायचं. सहा महिन्यांत दोनदा ५ च्या वर किंवा एकदा ८ च्या वर गेलं, किंवा दोनदा १.५ च्या खाली आलं, तरीही तसंच. हा हिशेब किमान सहा महिन्यांचा करायचा आणि औषध सुरू केल्यानंतरचे पहिले सहा आठवडे धरायचे नाहीत. माझे १४४ दिवस त्या मानाने कमीच आहेत, पण आजीची गोळी जुनी असल्यामुळे सुरुवातीच्या आठवड्यांचा प्रश्न नव्हता. त्याआधीचे रिपोर्ट मला वापरता आले नाहीत, कारण मधल्या फटी तीन-तीन महिन्यांच्या होत्या आणि ५६ दिवसांपेक्षा मोठ्या फटीत रेषा काढू नये असा संकेत आहे. कुठे उसाची तोड होती, कुठे लग्न होतं. त्या काळात काय झालं हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

आता या पद्धतीवर माझा एक आक्षेप. २.६ पासून ४.६ पर्यंत रक्त रोज सारखं चढत गेलं, असं ही रेषा म्हणते. मला ते खरं वाटत नाही. सप्टेंबरभर काहीच वेगळं घडलं नव्हतं. ऑक्टोबरमध्ये नवरात्र बसलं आणि आजीने नऊ दिवस उपवास केला. साबुदाणा, भगर, शेंगदाणे, एकूण खाणंही कमी आणि पालेभाजी शून्य. के जीवनसत्त्व कमी पोटात गेलं की त्याच डोसवर आय.एन.आर. चढतो. त्यात गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या चालू होत्या. त्या रक्तस्रावाचा धोका आणखी वाढवतात. म्हणजे बहुधा आकडा महिनाभर बरा होता आणि शेवटच्या आठ-दहा दिवसांत उसळला. चाळीस दिवसांनी एक सॅम्पल घेतलं तर मधली उसळी कळणार कशी? नायक्विस्टचा नियम आपण पाठ करतो, तो इथे आहे.

डिसेंबरचं उलट. थंडीत मळ्यात मेथी, शेपू, हरभऱ्याची कोवळी भाजी. आजी दोन्ही वेळेला तेच खायची. शिवाय ऑक्टोबरनंतर डोस कमी केलेला. आकडा घसरत १.७ वर आला. नोव्हेंबरात रिपोर्ट चांगला आला म्हणून पन्नास दिवस कुणी तपासणीला गेलंच नाही.

बाथरूमचा नळ

आणखी एक गोष्ट कंट्रोल सिस्टिम्सवाल्यांनी लक्षात घेण्यासारखी. होस्टेलच्या सोलरचा गरम पाण्याचा नळ आठवा. फिरवला की लगेच गरम येत नाही. आपण कंटाळून आणखी फिरवतो. मग एकदम उकळतं येतं, आपण ओरडून पूर्ण बंद करतो, मग गार. यात नळाचा दोष नाही. पाइपात वेळ जातो आणि आपण तो वेळ धरत नाही.

वॉर्फरिनचंही असंच. रक्तात आधीच तयार असलेले गोठण-घटक संपायला वेळ लागतो. एक घटक काही तासांत कमी होतो, तर प्रोथ्रोम्बिन निम्मं व्हायला अडीच दिवसांच्या आसपास लागतात. त्यामुळे डोस बदलल्याचा परिणाम दोन-तीन दिवसांनी दिसू लागतो आणि पूर्ण दिसायला आठवडा जातो. आकडा किंचित इकडे-तिकडे झाला म्हणून दर वेळी गोळी बदलली तर आपणच हेलकावे तयार करतो. म्हणून अनुभवी डॉक्टर आठवड्याच्या एकूण डोसात थोडासाच बदल करतात आणि पुन्हा तपासायला बोलावतात. आजीच्या फाइलमध्ये गोळी अर्ध्यावरून दीडवर आणि परत अर्ध्यावर गेल्याच्या खुणा आहेत. ते लिहिणारे डॉक्टर वेगवेगळे होते आणि प्रत्येकाच्या समोर फक्त त्या दिवसाचा कागद होता.

मग नवी औषधं का नाहीत?

हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला. आता अशी औषधं आहेत ज्यांना आय.एन.आर. लागत नाही, आणि झडप ठीक असलेल्या बहुतेक ए.एफ. पेशंटांना डॉक्टर तीच देतात. पण आजीसारखी अरुंद झडप असलेल्यांचं काय, हे बघण्यासाठी इन्व्हिक्टस नावाची चाचणी झाली. चोवीस देश, साडेचार हजारांहून जास्त पेशंट, भारतही त्यात होता. २०२२ मध्ये निकाल आला आणि सगळ्यांना धक्का बसला: जुन्या वॉर्फरिनच्या गटात मृत्यू कमी झाले, नव्या रिव्हारोक्सॅबानच्या गटात जास्त.

मला त्यातला दुसराच आकडा महत्त्वाचा वाटला. चाचणीत नाव घातलं तेव्हा आधीपासून असं औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे एक-तृतीयांशच पेशंट पट्ट्यात होते. चाचणी चालू असताना, नियमित तपासणी सुरू झाल्यावर, ते प्रमाण ५६ ते ६५ टक्क्यांपर्यंत गेलं. गोळी तीच. मधे फक्त कुणीतरी ठरलेल्या तारखेला मोजत होतं आणि आकडा लिहून ठेवत होतं.

अमेरिकेतले डॉ. अ‍ॅव्हेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये उपचारांचा दर्जा तीन बाजूंनी बघायला सांगितलं: साधनं काय आहेत, काम कसं होतं, आणि निष्पत्ती काय. आजीच्या बाबतीत साधनं होती. गोळी स्वस्त, इंदापुरात लॅब आहे, बारामतीत तर २०१९ पासून शासकीय मेडिकल कॉलेज आहे. निष्पत्ती आम्ही दोनदा बघितली. मधलं "काम कसं होतं" हे कुणाच्या वहीत नव्हतं.

आमची वही

जानेवारीत काकांनी डेअरीच्या पावत्या चिकटवायच्या वहीची मागची पानं आजीला दिली. त्यात पाच रकाने: तारीख, लॅब, आय.एन.आर., आठवड्याची गोळी, आणि "काही वेगळं". शेवटचा रकाना सगळ्यात उपयोगी निघाला. उपवास, जुलाब, ताप, नवी गोळी, काढा, सगळं त्यात. अँटिबायोटिकनेही आकडा चढू शकतो, त्यामुळे कुठल्याही डॉक्टरकडे गेली तरी आजी आधी वही पुढे करते. लॅब एकच ठेवली. पालेभाजी बंद नाही केली, तसं करायची गरजही नसते. फक्त रोज साधारण सारखी खायची, एकदम टोपलीभर नाही.

डॉक्टरांना वही आणि माझा ग्राफ दाखवला. मला भीती होती की ते रागावतील. ते काही बोलले नाहीत, ग्राफ फाइलला लावला आणि तपासणी दर दोन-तीन आठवड्यांनी ठेवली. इथे एक गोष्ट ठळक सांगते: डोस आम्ही एकदाही स्वतः बदलला नाही. हिशेब घरचा, निर्णय डॉक्टरांचा. २६ डिसेंबर ते २५ जून या १८१ दिवसांत १२७ दिवस पट्ट्यात गेले, म्हणजे ७० टक्के. तेवढ्या काळात गोळी दोनदाच बदलली. एका आजीवरून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं, आमच्या स्टॅट्सच्या मॅडम लगेच विचारतील की सॅम्पल साइझ किती. एक, मॅडम.

खर्चाचंही सांगायला हवं. लॅबच्या फीपेक्षा जाण्या-येण्याचा खर्च आणि कुणाचा तरी बुडालेला दिवस जास्त पडतो. बोटाच्या थेंबावर आय.एन.आर. सांगणारं छोटं मशिन मिळतं, पण पट्ट्या महाग आहेत. आपल्या कॉलेजच्या प्रोजेक्ट लिस्टमध्ये दर वर्षी नाडी मोजायचे चार सर्किट असतात, त्याऐवजी कुणी याच्याकडे बघेल तर बरं. माझा फायनल इयरचा विषय मी अजून ठरवलेला नाही, एवढंच सध्या लिहिते.

ज्यांच्या घरी कुणी वॉर्फरिन किंवा असेनोकुमारॉल घेतंय त्यांच्यासाठी मी रोझेनडालचा हिशेब करणारी एक्सेल शीट केली आहे. तारीख आणि आकडा टाकला की टक्के येतात, ५६ दिवसांपेक्षा मोठी फट असेल तर तो भाग लाल होतो. लेडीज होस्टेलच्या नोटीस बोर्डावर माझा रूम नंबर लावते. पेन ड्राइव्ह घेऊन या.

यंदाच्या नवरात्रात आजीने उपवास सोडला नाही. सोडणारही नव्हती. पण बसण्याआधी डॉक्टरांना जाऊन सांगून आली, एक वेळ जेवायचं कबूल केलं, आणि पाचव्या दिवशी रक्त देऊन आली. संध्याकाळी तिचा फोन: "तीन पॉइंट एक लागलीय. जराशी वरच हाय. आठ दिसानं परत बोलिवलंय." मी विचारलं, वहीत लिहिलं का? म्हणाली, "दुधाच्या आधी लिवलं."